इओसिन पिंजऱ्यात बसवण्याआधी

खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय. पीएचडीचं पहिलं वर्ष चालू आहे. प्रश्न असा: "इओसिन वाय वापरून पाण्यात नायट्रोबेन्झीनपासून ॲनिलीन करतोय. सोबत ट्रायएथॅनॉलअमाईन, बाहेरून हिरवी एलईडी. पाऊण तासात तीसेक टक्के रिॲक्शन होते आणि मग ठप्प. तोवर गुलाबी-केशरी रंग जाऊन फिका पिवळा झालेला असतो. गाईड म्हणतात, रंग केजमध्ये बसव, टिकेल. सीबी-७ मागवू की बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनवर भागेल? यील्ड किती वाढेल?" शेवटी त्यानं लिहिलंय, शिकलो इंग्रजीत, अर्ज लिहितो कन्नडमध्ये, पण विचार डोक्यात मराठीतच येतो, म्हणून मराठीत विचारतोय. मीही मराठीतच आणि जरा सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न थोड्याफार फरकानं मला गेल्या काही वर्षांत बेळगावात, निपाणीत, एकदा तर धारवाडच्या बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या मुलानं विचारलाय.

सरळ उत्तर आधी देतो. इओसिन म्हणजे प्रकाश शोषून रिॲक्शन चालवणारा रंग, आणि केज म्हणजे दुसऱ्या रेणूला पोटात धरणारा पोकळ रेणू, मी त्याला पिंजरा म्हणतो. सीबी-७, म्हणजे सात घटकांचं क्युकरबिट्युरिल, या कामासाठी मागवू नका. तुमच्या मिश्रणात त्याचा उपयोग होणार नाही. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेच्या सात घटकांचं पोकळ कडं, स्वस्त आहे, घालून बघायला हरकत नाही, पण ते रंगाला सोडून बहुतेक नायट्रोबेन्झीनलाच पोटात घेईल. यील्ड किती वाढेल हे मात्र तुमचा रंग नेमका कशानं मरतोय ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. तुम्ही पिंजरा कुठला घेऊ असं विचारताय आणि माझं सगळं लक्ष त्या फिक्या पिवळ्या रंगाकडे आहे. आपल्याकडे म्हणतात तसं, रोग रेड्याला आणि औषध पखालीला व्हायला नको.

हिरवा प्रकाश शोषला की इओसिनचा रेणू उत्तेजित होतो. त्याच्या अंगावर ब्रोमीनचे चार जड अणू आहेत, त्यांच्यामुळे तो चटकन ट्रिप्लेट, म्हणजे जास्त वेळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत उतरतो आणि ऑक्सिजन नसेल तर तिथं साधारण २४ मायक्रोसेकंद राहतो. जे काय व्हायचं ते तेवढ्या वेळात. तेवढ्यात अमाईन भेटलं तर त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घ्यायचा, नायट्रोकडे पोचवायचा आणि परत मूळ रूपात यायचं, की एक फेरी पूर्ण. या वाटेवर गळती लागायच्या जागा बऱ्याच आहेत. हवेतला ऑक्सिजन पाण्यात २५ अंशांना जेमतेम पाव मिलिमोलर विरघळतो, पण तेवढासुद्धा ट्रिप्लेटचं आयुष्य काही मायक्रोसेकंदांवर आणायला पुरतो. रंगाचे दोन रेणू एकमेकांना चिकटले तर शोषलेली ऊर्जा कामाला न येता उष्णता होऊन जाते. घेतलेला इलेक्ट्रॉन पुढे न जाता आल्या वाटेनं अमाईनकडे परत जाऊ शकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रंगाचा रेणूच बदलतो.

इओसिनच्या बाबतीत हा बदल डोळ्यांना दिसतो. अमाईनकडून इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला इओसिन पुढे कुणाला तो देऊ शकला नाही, तर स्वतःचा ब्रोमीन टाकून देतो. एक गेला, मग दुसरा. चारही गेले की हातात उरतं फ्लुओरेसिन. इओसिनचं शोषण पाण्यात ५१७ नॅनोमीटरच्या आसपास असतं, फ्लुओरेसिनचं ४९० च्या आसपास, म्हणून रंग पिवळ्याकडे सरकतो. हे होत असताना नळी अंधारात धरून बाजूनं निळा टॉर्च मारा. ती पहिल्यापेक्षा जास्त झळझळीत हिरवी चमकते. नवीन मुलांना ती चमक पाहून आनंद होतो, मला मात्र ती दिसली की पोटात गोळा येतो. जड ब्रोमीन गेल्यामुळे रेणू आता ट्रिप्लेटमध्ये जवळजवळ उतरतच नाही, घेतलेला बहुतेक प्रकाश परत फेकतो. तुमचा उत्प्रेरक तुमच्यासमोर चमकत संपत असतो. तुमचा "फिका पिवळा" हाच असावा असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर पैसे खर्च करायचे नसतात.

कारण रंग जाण्याची दुसरीही तऱ्हा आहे, आणि ती मला पावसाळ्यातल्या एका दुपारी विजेनं शिकवली. आमच्याकडे एक मुलगी मिथिलीन ब्लू घेऊन काम करत होती. अमाईन घातलं, नायट्रोजन सोडला, प्रकाश लावला, वीस मिनिटांत गडद निळी नळी पाण्यासारखी झाली. तिनं वहीत लिहून टाकलं, रंग नष्ट. तेवढ्यात लाईट गेली. खानापूरच्या बाजूला धो धो पाऊस चालला होता, लाईट लवकर येणार नव्हती, म्हणून तिनं बूच काढलं आणि नळी धुवायला घेतली. दोनदा हलवली असेल. "सर, रंग परत यायलाय बघा की!" बेसिनपाशी उभं राहून आम्ही दोघं बघत होतो. वरच्या थरापासून निळा उतरत खाली आला आणि अर्ध्या मिनिटात नळी पहिल्यासारखी. रंग मेलेला नव्हताच. तो इलेक्ट्रॉन घेऊन बिनरंगी ल्युको रूपात बसला होता, हवा मिळाली आणि जागा झाला. ती जर त्या दिवशी पिंजरा शोधायला लागली असती, तर नसलेल्या रोगावर महिने गेले असते.

तेव्हा आधी चार नळ्या लावा. महागडं काही लागत नाही. खडे बाजारात एलईडीची हिरवी पट्टी मिळते, ती स्टीलच्या डब्याच्या आतून गुंडाळा आणि वर कॉम्प्युटरमधला जुना पंखा बसवा. पंखा विसरू नका. पट्टीनं डब्यातलं तापमान बघता बघता चाळिशीच्या पुढे जातं आणि मग तुम्ही प्रकाशाची रिॲक्शन मोजताय की उष्णतेची, कळत नाही. पहिल्या नळीत फक्त रंग, पाणी आणि नायट्रोजन. दुसरीत त्यात अमाईन. तिसरीत सगळं, पण हवेत. चौथीत सगळं, नायट्रोजनखाली, पण नळी फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात. दर दहा मिनिटांनी ५० मायक्रोलिटर काढून ३ मिलिलिटर पाण्यात घाला आणि स्पेक्ट्रम घ्या. तुमचा रंग अर्धा मिलिमोलर असेल तर शोषण ०.८ च्या आसपास येईल, वाचायला सोयीचं. पाण्यात थोडं अमाईन असू द्या, म्हणजे पीएच बदलणार नाही. इओसिनचा रंग आम्लात बदलतो आणि त्या बदलाला लोक उगाच ब्लीचिंग म्हणतात.

शिखर ५१७ वरून ४९० कडे सरकतंय का, की जागेवरच राहून नुसतं खाली जातंय, हे बघा. सरकत असेल तर ब्रोमीन जातायत. जागेवरच खाली जात असेल तर हवा सोडून हलवा. परत आलं तर ल्युको, नाही आलं तर रंगाचा सांगाडाच तुटलाय.

आणखी एक प्रयोग करा, माझ्या मते सगळ्यात बोलका. रिॲक्शन तीस टक्क्यांवर थांबली की त्याच नळीत ताज्या इओसिनचा एक थेंब टाका. परत चालू झाली तर रंगच संपला होता. चालू नाही झाली तर रंग टिकवून काही मिळणार नाही, अडलंय दुसरीकडे.

दुसरीकडे म्हणजे कुठे? तुमच्या प्रश्नात अमाईन किती घातलं ते लिहिलेलं नाही. नायट्रोबेन्झीनचं ॲनिलीन व्हायला सहा इलेक्ट्रॉन आणि सहा प्रोटॉन लागतात. ट्रायएथॅनॉलअमाईनचा एक रेणू फार तर दोन इलेक्ट्रॉन देतो, आणि दुसरा वाटेत वाया गेला तर एकच. समजा तुम्ही दोन इक्विव्हॅलंट, म्हणजे नायट्रोबेन्झीनच्या एका रेणूमागे अमाईनचे दोन रेणू, घातलंय आणि प्रत्येकाकडून एकच मिळतोय. दोन भागिले सहा, ३३ टक्के. तुमचा आकडा तीसेक आहे. मी असं म्हणत नाही की हेच कारण आहे, पण पिंजऱ्याची ऑर्डर देण्याआधी वहीत हे गणित बघा. तीन इक्विव्हॅलंट ही कागदावरची किमान मर्यादा झाली, प्रत्यक्षात सहाच्या वर जावं लागतं. शिवाय तयार झालेलं ॲनिलीनसुद्धा उत्तेजित इओसिनला इलेक्ट्रॉन देऊ करतं आणि लगेच परत घेतं. जसजसं ॲनिलीन साठत जातं, तसतशी ही फुकटची देवघेव वाढते.

आणि एक. रंग कमी पडतोय म्हणून जास्त घालू नका. इओसिनचं मोलर शोषण एक लाखाच्या घरात आहे. एक मिलिमोलर द्रावणात ९० टक्के हिरवा प्रकाश काचेपासून पहिल्या ०.१ मिलिमीटरमध्येच शोषला जातो. बाकीची नळी अंधारात असते. त्या पातळ थरातले रेणू मार खाऊन खाऊन मरतात आणि आतले नुसते गर्दी करतात. रंग कमी करून नळी बारीक केली आणि ढवळणं वाढवलं, तर पिंजऱ्याशिवायच रंग जास्त टिकतो. हे मी बऱ्याच वेळा पाहिलंय.

आता पिंजऱ्यांकडे येतो. मला या रसायनाबद्दल मनापासून ओढ आहे, त्यामुळे वर लिहिलंय त्यावरून मी त्याच्या विरोधात आहे असं समजू नका. वाडग्यासारखा किंवा पेटीसारखा रेणू दुसऱ्या रेणूला कुठलाही पक्का बंध न करता पोटात धरतो, ही कल्पना मला अजूनही तितकीच सुंदर वाटते. सायक्लोडेक्स्ट्रिनं १८९१ मध्ये सापडली. क्युकरबिट्युरिल १९०५ मध्ये तयार झालं होतं, पण ते भोपळ्याच्या आकाराचं पोकळ आहे हे १९८१ मध्ये कळलं. यजमान-पाहुणा रसायनाला १९८७ चं नोबेल मिळालं. जपानच्या माकोतो फुजिता यांनी १९९५ मध्ये सहा पॅलेडियम आणि चार त्रिकोणी लिगंड (धातूला धरणारे रेणू) नुसते पाण्यात एकत्र आणून आपोआप जुळणारा अष्टफलक पिंजरा केला.

पिंजरा रंगासाठी काय करतो? एका पिंजऱ्यात एकच रेणू मावत असेल तर रंगाचे रेणू एकमेकांना चिकटत नाहीत. मोठे, धसमुसळे रेणू त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. आतलं वातावरण पाण्यापेक्षा वेगळं असल्यामुळे इलेक्ट्रॉन घ्यायची-द्यायची ताकदसुद्धा बदलते. एडिनबरोच्या पॉल लस्बी यांच्या गटानं २०२० मध्ये हे छान दाखवलं. धन प्रभाराच्या पॅलेडियम पिंजऱ्यात बसलेलं क्विनोन बाहेरच्यापेक्षा कितीतरी जोरकस ऑक्सिडंट होतं, कारण इलेक्ट्रॉन घेतल्यावर तयार होणारा ऋण रेणू त्या पिंजऱ्याला फार आवडतो. तिथं प्रकाश नव्हता, पण तर्क प्रकाशाच्या कामालाही लागू पडतो.

पण जो पिंजरा रंगाला जपतो, तोच त्याला कामापासूनही तोडतो. नायट्रोबेन्झीन रंगाजवळ जाऊ शकलं नाही तर रंग वर्षभर टिकला तरी उपयोग काय? आणि इलेक्ट्रॉनची देवघेव झालेली जोडी एकाच पोकळीत कोंडली गेली तर तो परत जाण्याची शक्यता वाढते, कारण दोघांना लांब जायला जागाच नाही. म्हणून मी प्रत्येकाला एकच विचारतो: तुमच्या रिॲक्शनमध्ये पिंजऱ्याबाहेर निरोप कोण घेऊन जाणार? सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे रंगाकडून ऊर्जा घेऊन उत्तेजित झालेला ऑक्सिजन, असेल तर प्रश्न मिटला. तो लहान आहे, त्याला प्रभार नाही, पाण्यात तो साडेतीन-चार मायक्रोसेकंद जगतो आणि तेवढ्यात शंभर-दोनशे नॅनोमीटर अंतर कापतो. पिंजऱ्याची भिंत त्याच्यासमोर काहीच नाही. इलेक्ट्रॉनही भिंतीतून थोडं अंतर ओलांडू शकतो, पण वेग पडतो. रंगानं स्वतः समोरच्याचा हायड्रोजन ओढायचा असेल तर मात्र समोरासमोर यावंच लागतं.

तुमच्या नळीला हे लावून बघू. इओसिन पाण्यात दोन ऋण प्रभार घेऊन फिरतो. सीबी-७ ची दोन्ही तोंडं कार्बोनिल ऑक्सिजननी भरलेली, तिथं इलेक्ट्रॉनांची दाटी. त्याला धन प्रभाराचे पाहुणे लागतात. इओसिन दारापर्यंतही जाणार नाही. गॅलियमचा चतुष्फलक पिंजरा, बर्कलीत रेमंड यांच्या गटानं केलेला, स्वतःच बारा ऋण प्रभारांचा आहे, तिथंही तेच. फुजितांचा पॅलेडियम पिंजरा बारा धन प्रभारांचा, म्हणजे ऋण इओसिन त्याच्याकडे धावेल, पण आत जाण्याऐवजी बाहेरूनच चिकटून साका खाली बसण्याची भीती जास्त. त्याहून मोठी अडचण तुमचं अमाईन. पॅलेडियम आणि पिरिडीनचा बंध त्या गर्दीत टिकत नाही. पिंजरा सुटतो, पॅलेडियम काळं होऊन नळीला लागतं, आणि ते काळं पॅलेडियम स्वतःच नायट्रोचं क्षपण करू शकतं. यील्ड वाढेल, तुम्ही खूश व्हाल आणि पेपरात पिंजऱ्याचं नाव लागेल. असं काळपट झालेलं भांडं दिसलं की पुढचं सगळं थांबवून आधी ते तपासा.

राहिलं बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन. त्याची पोकळी साडेसहा आंगस्ट्रॉमपेक्षा रुंद नाही. बेन्झीनचं कडं तिथं नीट बसतं, इओसिनचा तीन कड्यांचा ब्रोमीनवाला सांगाडा अर्धवट डोकावतो. रंग अर्धा मिलिमोलर आणि नायट्रोबेन्झीन त्याच्या वीस-पन्नास पट, तेव्हा खोली कुणाला मिळणार हे उघड आहे. गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिन जरा मोठं आहे, इओसिनला ते बरं पडतं, पण दोन-दोन रेणू एकत्र आत शिरण्याचा धोकाही तिथंच.

इथं बंधनाचं गणित फार जणांचं चुकतं, म्हणून आकडे देतो. समजा बंधन स्थिरांक, म्हणजे पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा, १००० आहे, लिटर प्रति मोल. रंग एक मिलिमोलर आणि पिंजरा एक मिलिमोलर घेतला तर रंगाचे ३८ टक्के रेणू आत असतात. बासष्ट टक्के बाहेरच, पहिल्यासारखे मरायला मोकळे. पिंजरा दहा मिलिमोलर केला तर ९० टक्के आत जातात. पण बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन पाण्यात विरघळतंच लिटरमागे साडेअठरा ग्रॅम, म्हणजे सोळा मिलिमोलर, तेव्हा वर जायला जागा थोडीच आहे. आणि हेच एकास एक मिश्रण स्पेक्ट्रमसाठी शंभर पट पातळ केलं, दहा मायक्रोमोलर, की आत उरतो फक्त एक टक्का. मुलं हा पातळ स्पेक्ट्रम बघून म्हणतात की रंग आत जातच नाही. म्हणून बंधन मोजायचं असेल तर रिॲक्शनच्याच तीव्रतेला, एक मिलिमीटरच्या क्युवेटमध्ये मोजा. एसीटोनायट्राइल किंवा डीएमएफ मिसळलंय का तेही बघा. हे पिंजरे रंगाला धरतात ते मुख्यतः पाण्याच्या जोरावर. पाण्यात ऑरगॅनिक सॉल्व्हंट वाढलं की पकड सैल होते.

पक्क्या बंधांनी बांधलेले सेंद्रिय पिंजरेही आहेत. तीन आल्डिहाइड गटांचं बेन्झीन आणि डायअमाईन यांच्यापासून अँड्र्यू कूपर यांच्या गटानं २००९ मध्ये दाखवलेले इमिन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचे) पिंजरे तुम्ही वाचले असतील. पाण्यात इमिन तुटतं, म्हणून लोक त्याचं क्षपण करून अमाईन पिंजरा करतात. तो टिकतो खरा, पण त्याच्या भिंतीच आता अमाईनच्या झाल्या. उत्तेजित रंग त्या भिंतींकडूनच इलेक्ट्रॉन ओढतो. सायक्लोडेक्स्ट्रिनचंही तसंच. त्यात बेन्झोफिनोनसारखा हायड्रोजन ओढणारा रंग बसवला तर तो समोरच्या साखरेचाच हायड्रोजन ओढतो. पाहुण्यानं घरच खाल्लं. म्हणून कुठलाही पिंजरा वापरा, प्रकाशाआधी आणि प्रकाशानंतर त्याचा एनएमआर घ्याच. नमुना धारवाडला किंवा कोल्हापूरला पाठवावा लागला तरी घ्या.

माझी स्वतःची एक चूक इथं सांगायला हवी. मिथिलीन ब्लू धन प्रभाराचा आहे, म्हणून क्युकरबिट्युरिल त्याच्यासाठी योग्य, इथपर्यंत माझं बरोबर होतं. पण मोठी पोकळी म्हणजे समोरच्या रेणूलाही जागा, असा विचार करून मी सीबी-७ सोडून आठ घटकांचं सीबी-८ घेतलं. महागडा पदार्थ, तीन महिने घातले, आणि पिंजरा नसताना जेवढं होत होतं त्याहूनही कमी काम झालं. उत्तर पहिल्या दिवसापासून क्युवेटमध्ये होतं. निळ्याचा जांभळट निळा झाला होता आणि मी ते वहीत "रंग किंचित बदलला" एवढंच लिहून पुढे गेलो होतो. मिथिलीन ब्लू सुटा असतो तेव्हा ६६४ नॅनोमीटरला शोषतो, दोन रेणू चिकटले की ६१० च्या आसपास. सीबी-८ नं माझ्या रंगाचे दोन-दोन रेणू एकाच पोकळीत गच्च बसवले होते. ज्या चिकटण्यापासून वाचवायचं, तेच पिंजरा करत होता. सीबी-७ मध्ये मात्र एकच रेणू मावतो आणि ६६४ चं शिखर ताठ उभं राहतं. तेव्हापासून कुठल्याही रंगासाठी पिंजरा निवडताना मी त्याच्या दोन शिखरांचं गुणोत्तर आधी बघतो, यील्ड नंतर.

या विषयातलं मला सगळ्यात आश्वासक वाटणारं काम रंगाला कोंडण्याचं नाही, भिंतच प्रकाश शोषणारी करण्याचं आहे. फुजितांच्या गटानं २००४ मध्ये त्या पॅलेडियम पिंजऱ्यात ॲडमँटेनचे चार रेणू भरून प्रकाश टाकला. ॲडमँटेन एरवी कशालाही दाद देत नाही. पिंजऱ्याच्या भिंतीतल्या ट्रायझीन लिगंडनं प्रकाश घेऊन आतल्या पाहुण्याचा इलेक्ट्रॉन ओढला, द्रावण गडद निळं झालं, आणि शेवटी ॲडमँटेनवर ऑक्सिजन बसला. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये ज्योतिष्मान दासगुप्ता यांच्या गटानं २०१४ मध्ये याच पिंजऱ्यात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनची ती उडी अतिजलद स्पेक्ट्रोस्कोपीनं टिपली. पाण्यानं तिथल्या तिथं प्रोटॉन उचलला की इलेक्ट्रॉनला परत जायला जागा उरत नाही. मघाशी मी म्हटलं की कोंडलेली जोडी परत फिरते. त्यावरचा हा इलाज: जोडीतल्या एकाला लगेच बदलून टाकायचं. आपल्या राज्यात बेंगळुरूच्या आयआयएस्सीत पार्थसारथी मुखर्जी यांचा गट पाण्यात विरघळणारे पिंजरे वर्षानुवर्षं करतोय. हे सगळं वाचा. त्यातली एक अडचण मात्र लक्षात ठेवून वाचा: तयार झालेला पदार्थ पिंजऱ्यातून बाहेर पडला नाही तर पुढची फेरी होत नाही. फुजितांच्याच २००६ च्या कामात बंद पिंजऱ्यात अँथ्रासीनवर एरवी न होणाऱ्या जागी डील्स-आल्डर (दोन रेणू जोडून नवं कडं करणारी रिॲक्शन) झाली, पण पिंजरा जवळजवळ अँथ्रासीनइतकाच लागला. उघड्या वाडग्यासारख्या पिंजऱ्यात ती नेहमीच्या जागी झाली, आणि वाकलेला पदार्थ आपोआप बाहेर पडत राहिला, म्हणून थोडक्या वाडग्यात फेरी चालली. दार कधी उघडं ठेवायचं, हाही डिझाइनचाच भाग.

तर तुमच्यासाठी मला जे योग्य वाटतं ते असं. ॲनिलीन हवं असेल तर पिंजरा विसरा. रंग ०.१ मिलिमोलरवर आणा, नायट्रोजन अर्धा तास सोडा, अमाईन दहा इक्विव्हॅलंट, आणि इओसिन एकदम न घालता तीन-चार हप्त्यांत घाला. ब्रोमीन जाण्याचं मूळ कारण म्हणजे इलेक्ट्रॉन घेतलेला इओसिन नायट्रोची वाट बघत बसतो. नायट्रोबेन्झीन भरपूर असेल तोवर तो वाचतो, शेवटी शेवटी मरतो, म्हणून ताजा हप्ता तेव्हाच द्यायचा.

प्रबंधात पिंजरा हवाच असेल, आणि गाईडनी सांगितलंय म्हटल्यावर तो हवा असणारच, तर रिॲक्शन बदला. रंग मिथिलीन ब्लू, पिंजरा सीबी-७, प्रकाश लाल, हवा खुली, आणि थायोॲनिसोलचं सल्फॉक्साइड. निरोप नेणारा सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे भिंतीची अडचण नाही. मग मात्र सीबी-७ मागवा. रेणूभार ११६३, ०.१ मिलिमोलरच्या पाच मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅमच्या थोडं वर लागतं, म्हणजे शंभर मिलिग्रॅमच्या बाटलीत दीडशेच्या वर नळ्या. बाटलीतल्या पावडरीत पाणी आणि थोडं आम्लही असतं, तेव्हा वजनावर विश्वास न ठेवता आधी टायट्रेट करा. बोअरचं पाणी चुकूनही नको आणि सलाईन बफरही नको. सोडियम, कॅल्शियम दारातच बसतात आणि रंगाला आत जाऊ देत नाहीत. नियंत्रण म्हणून एक नळी सीबी-७ नसलेली आणि एक नळी सीबी-७ अधिक ॲडमँटिलअमाईन अशी लावा. ॲडमँटिलअमाईन आम्लात धन प्रभार घेऊन सीबी-७ मध्ये इतकं घट्ट बसतं की रंगाला बाहेर यावंच लागतं. ते घातल्यावर फायदा गेला तर तो पिंजऱ्यामुळेच होता, असं छातीठोकपणे लिहिता येईल.

गाईडना मात्र आधी त्या चार नळ्यांचे स्पेक्ट्रम नेऊन दाखवा. ५१७ वरून सरकलेलं शिखर कागदावर दिसलं की बोलणं सोपं होतं. आणि इथं परत लिहाल तेव्हा ट्रायएथॅनॉलअमाईन किती इक्विव्हॅलंट घातलं होतं आणि ताजा थेंब टाकल्यावर रिॲक्शन पुढे गेली का, या दोन गोष्टी कळवा.